वांग्याला हद्द नाही, ताटाला आहे

मरोळ मूळचं ईस्ट इंडियनांचं गावठाण. एमआयडीसी आली, कारखाने आले, तशी चारी मुलखांची माणसं इथं येऊन पडली. म्हणून इथं एका भाजीला चार नावं. मराठवाड्याचा माणूस म्हणतो भरलं वांगं. गुलबर्ग्याकडचा म्हणतो एण्णेगाई. तेलंगणातून बिगारीला आलेला म्हणतो गुत्ती वंकाया. काठेवाडी म्हणतो रवैया. नावं चार, करणी एक. देठ शाबूत ठेवून वांग्याला चिरा द्यायच्या, आत सारण दाबायचं, सढळ तेलावर शिजवायचं. सारणही भाऊबंदकीतलंच : दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, चिंच. कुठं कारळं, कुठं गूळ, गुजरात्याकडं बेसन.

हे असं का? कारण चुली आधीच्या, नकाशे नंतरचे. मराठवाडा, तेलंगणा, गुलबर्गा-बिदर-रायचूर हे सगळं १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे तीन वाटे झाले. १ मे १९६० ला मुंबई राज्य फुटून महाराष्ट्र आणि गुजरात झाले. बेळगावचं भांडण २००४ साली सुप्रीम कोर्टात गेलं. सरकारांनी गावं वाटून घेतली, वांगं त्यांना वाटता आलं नाही. हद्दीच्या अल्याड-पल्याड ज्वारीच्या भाकरीबरोबर तेच खातात.

आणि दोस्तांनो, 'आमचंच अस्सल' म्हणून छाती बडवणाऱ्यांना एक विचारा. वांगं इथल्या मातीतलं, कबूल. पण मिरची? भुईमूग? दोन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आल्यानंतर समुद्रावरून इथं पोचलेले. मी गोदीत माल वाहतो. मला कळतं, ती पहिली पोती कुणातरी हमालाच्या पाठीवरूनच उतरली असणार. त्याचं नाव कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात नाही.

त्या पुस्तकात आपली आईही नाही. खोबरं परवडत नाही म्हणून नुसतं कूट-मिरची भरणारी, हाताशी सुकट असली तर तीच वांग्यात कोंबणारी. शाहू पाटोळ्यांना २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहावं लागलं, तेव्हा कुठं मराठवाड्यातल्या दलितांची चूल छापून आली. तोवर मराठी जेवण म्हणजे ठरावीक घरांचं जेवण.

आता काही शहाणे म्हणतात, बघा, जेवणानं माणसं जोडली! साफ खोटं. पदार्थ शिवेवरून गेला म्हणून माणूस उंबऱ्याच्या आत गेला असं होत नाही. दुपारी चौघांच्या डब्यात तेच वांगं असतं. पण संध्याकाळी खोली भाड्यानं मागायला जा. आधी आडनाव विचारतात, मग 'खाता काय?' बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बजावलंय : सहभोजनानं जात मेली नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्नाचा. एका पंगतीला बसूनही जी मरत नाही, ती आपापल्या दाराआड सारखं वांगं खाऊन कशी मरेल?

तेव्हा वांगं मराठी की कानडी, यावर घसा कोरडा करू नका. ते राबणाऱ्यांच्या हातून हातात गेलंय, सगळ्यांचं आहे. भांडायचं तर ताटासाठी भांडा. आणि ज्यांच्या घरात आपला डबा उघडलेला चालत नाही, त्यांनी त्यांच्या वांग्याच्या कौतुकाला आपल्याला बोलावू नये.