गंज का लागतो हे शिकवतो, पण कुठे लागतो हे?



आज थोडा वेगळा विषय घेतेय. विषय गंजाचा आहे. तुम्ही म्हणाल, त्यात वेगळं काय? लोखंड, हवा, पाणी, झाला गंज. मीही दहा वर्षं असंच शिकवत आले. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या झोपाळ्याचा वरचा बोल्ट तुटला. मुलगा खाली पडला, कोपर खरचटण्यावर निभावलं. शाळा खाडीजवळ आहे, खारी हवा असते, म्हणून आम्ही झोपाळ्याला दरवर्षी न चुकता रंग देतो. तुटलेला बोल्ट हातात घेतला तर डोकं छान निळं, चकचकीत. आणि वॉशरच्या आत लपलेला भाग झिजून काडीसारखा बारीक झालेला!

दुसऱ्या दिवशी सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, चारही बोल्टांना पाऊस एकच, हवा एकच. मग हाच का गंजला?"

मला उत्तर आलं नाही. खरं सांगते, डीएडला असताना हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता.

उत्तर शोधता शोधता मी स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोपी नावाच्या तंत्रापर्यंत पोचले. नाव ऐकून घाबरू नका, मीही घाबरले होते. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात ऑस्टिन इथे ॲलन बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये हे तंत्र पुढे आणलं. मायक्रोस्कोप म्हटलं की आपल्याला भिंग आठवतं. यात भिंग नाहीच. प्लॅटिनमची अतिशय बारीक तार काचेत बंद केलेली असते आणि तिचं फक्त टोक उघडं असतं. तारेची जाडी बहुतेक वेळा 10 किंवा 25 मायक्रोमीटर. आपला केस साधारण 70 मायक्रोमीटर असतो, त्यावरून अंदाज करा. हे टोक द्रवात बुडवून धातूच्या अगदी जवळ, काही मायक्रोमीटर अंतरावर आणतात आणि पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरवतात. प्रत्येक जागी टोकातून किती वीज वाहते ते मोजायचं. ही वीज नॅनोॲम्पिअरमध्ये असते, म्हणजे एका ॲम्पिअरच्या अब्जाव्या भागाच्या आसपास.

त्यावरून काय कळतं? समजा मुलं हंड्यांनी पाणी आणून एका पिंपात ओततायत. पिंपाजवळच नळ असेल तर हंडे पटापट भरून येतील, ओतण्याचा वेग वाढेल. पण पिंपाजवळ नुसतीच भिंत असेल तर नळ नाहीच, वर मुलांची वाटही अडेल आणि वेग कमी होईल. इथे हंडे म्हणजे द्रवात मुद्दाम घातलेले रेणू, ते टोकापाशी इलेक्ट्रॉन देऊन रिकामे होतात. समोर उघडा धातू असेल तर ते तिथे पुन्हा भरले जातात आणि वीज वाढते. समोर रंगाचा किंवा ऑक्साइडचा शाबूत थर असेल तर वीज घटते. म्हणजे डोळ्यांना रंग सगळीकडे सारखा दिसला, तरी तो कुठे फाटलाय ते टोकाला कळतं. टोकाला योग्य विद्युतदाब दिला तर लोखंड कुठे विरघळतंय, म्हणजे लोहाचे आयन कुठून बाहेर पडतायत, तेही पकडता येतं. ऑक्सिजन कुठे वापरला जातोय तेसुद्धा.

आता माझा मुद्दा. लोखंड विरघळण्याची जागा आणि ऑक्सिजन वापरला जाण्याची जागा वेगवेगळी असू शकते. एक धनाग्र, दुसरं ऋणाग्र, आणि मध्ये धातूतून इलेक्ट्रॉन वाहतात. लोखंडाचा तुकडा म्हणजे छोट्या छोट्या बॅटऱ्यांचा गठ्ठाच समजा. बोल्टचं कोडं इथेच सुटतं. आमच्या त्या बोल्टचा वॉशर सैल झाला होता. त्याच्या आत पाणी अडकून राहिलं, तिथला ऑक्सिजन संपला. बाहेर ऑक्सिजन भरपूर. मग बाहेरचा भाग ऋणाग्र झाला आणि आतला धनाग्र होऊन झिजत राहिला. आपण मात्र बाहेरून रंग देत बसलो.

स्टीलच्या भांड्यांचंही असंच. क्रोमियममुळे त्यांच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा संरक्षक थर असतो. पण स्टीलमध्ये मँगनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण राहिलेले असतात आणि मिठाच्या पाण्यात खड्डे बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. भांड्याचं वजन जवळजवळ तेवढंच, पण तळाला भोक! सरासरीत हे दिसत नाही. वर्गाची सरासरी 70 टक्के आली म्हणून मागच्या बाकावरच्या मुलाला वाचता येतं असं होत नाही, तसंच.

तंत्राच्या मर्यादाही सांगते. ते हळू चालतं, एका वेळी लहानसाच तुकडा तपासता येतो, पृष्ठभाग खडबडीत असेल तर टोक आपटतं. झोपाळ्यावर ते लावता येणार नाही. माझ्या एका सहकाऱ्यांनी तर हसून म्हटलं, "बाई, प्राथमिकच्या पोरांना टेक्सास कशाला?" यंत्र नकोच. यंत्रामागचा प्रश्न हवा. आपण परीक्षेत विचारतो, "गंज लागण्यासाठी आवश्यक घटक लिहा." दोन ओळी, दोन गुण, संपलं. तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगातही खिळा गंजला की नाही एवढंच बघतो. खिळ्यावर पहिला ठिपका कुठे उठला हे कोण बघतं?

केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात हे दाखवलं होतं. लोखंडाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात पोटॅशिअम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन. थेंबाच्या मध्यावर निळा रंग येतो, तिथे लोखंड विरघळतंय. कडेला गुलाबी, तिथे हवेतला ऑक्सिजन वापरला जातोय. आणि तांबूस गंज साठतो तो या दोघांच्या मध्ये! म्हणजे गंज दिसतो तिथेच लोखंड झिजलंय असं नाही. ही रसायनं जवळच्या हायस्कूलमध्ये मिळू शकतील, पण प्रयोग तिथल्या विज्ञान शिक्षकांच्या हातूनच करा. आगरच्या जेलमध्ये खिळा ठेवून केला तर आणखी छान दिसतं. टोक आणि डोकं निळं, मधला भाग गुलाबी. खिळा वाकवला तर वाकलेल्या जागीही निळं, कारण ठोकल्या-वाकवलेल्या जागी धातूवर ताण असतो.

रसायनं नसतील तर खिळा मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसात गुंडाळा आणि मुलांना रोज त्याचं चित्र काढायला लावा. नुसतं "गंज आला" नाही, ठिपका कुठे आला ते.

आमच्या सहावीने पुढे स्वतःहूनच एक काम केलं. खडू घेऊन फाटक, खिडक्यांचे गज, पाण्याच्या टाकीची शिडी सगळं तपासलं. जिथे पाणी अडकून राहतं तिथे गोल केला. सतरा गोल झाले. त्यातले अकरा नुकत्याच रंगवलेल्या भागांवर होते. शिडीच्या खालच्या पायरीचा जोड आम्ही कानशीने थोडा खरवडला तर पोपडा निघून आत बोट गेलं. शिडी आता बांधून बंद केली आहे आणि दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. अर्जाला मुलांनी काढलेला नकाशा जोडलाय.