झेंडूचीं रोपें अंगणांत नेतांना

आषाढी एकादशीच्या सुमारास घरांत झेंडूचें बीं पेरावें, म्हणजे दसऱ्याच्या तोरणास घरचीं फुलें मिळतात, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. मध्यें अधिक मास न आल्यास विजयादशमीपर्यंत सुमारें ८८ दिवस हातीं असतात; उंच जातीच्या झेंडूस ते बहुधा पुरतात. तरीहि कित्येक घरांस ऐन सणास बाजाराचीच वाट धरावी लागते. बीं उगवत नाहीं म्हणून? मुळींच नाहीं. तें चार-सहा दिवसांत उगवतें. घात होतो तो रोपें घरांतून अंगणांत जातांना.

आमच्याच घरची गोष्ट. गेल्या वर्षीं पडवींतल्या खोक्यांत ४० रोपें टवटवीत उभीं होतीं. श्रावणांत एके दिवशीं उघाड मिळाली, तेव्हां सकाळीं दहाच्या सुमारास आम्हीं तीं वाफ्यांत लावलीं, मुलांनीं झारीनें पाणी घातलें, आणि दुपारीं जेवून उठतों तों सारीं माना टाकून पडलेलीं! दुसऱ्या दिवशीं पानें पांढुरकीं झालीं. ४० पैकीं ६ वांचलीं. मातुःश्री म्हणाल्या, "माजघरांत वाढलेलें पोर एकदम शेतावर धाडलेंत, दुसरें काय होणार?"

त्यांचें बोलणें शास्त्रास धरूनच होतें. सावलींत वाढलेल्या पानावरचा मेणासारखा थर पातळ असतो. उन्हावाऱ्यांत त्यांतून पाणी भराभर उडून जातें, आणि उपटतांना दुखावलेलीं मुळें तितकें पाणी पुरवूं शकत नाहींत. म्हणून माती ओली असूनहि रोप सुकतें. अशा वेळीं आणखी पाणी ओतणें व्यर्थच.

रोपांस चार-पांच खरीं पानें आलीं, कीं लावणीपूर्वीं आठ-दहा दिवस खोकें रोज बाहेर न्यावें. पहिल्या दिवशीं सकाळचें कोंवळें ऊन तासभर पुरे. मग दररोज थोडा वेळ वाढवावा. दुपारचें ऊन अखेरीस दाखवावें, आणि शेवटच्या दोन रात्रीं रोपें बाहेरच राहूं द्यावीं. सर जोराची आली तर मात्र खोकें आंत घ्यावें. या दिवसांत पाणी थोडें कमी द्यावें, पण रोप कोमेजूं देऊं नये. एकत्र कुटुंबांत हें काम सर्वांचें म्हटलें कीं कोणाचेंच राहत नाहीं. तें एकाच्याच गळ्यांत घालावें. आमच्याकडे यंदा तें आजोबांनीं आपण होऊन घेतलें आहे. गॅलरींत किंवा गच्चीवर बाग करणाऱ्यांनीं आणखी दोन दिवस धीर धरावा, कारण तेथील फरशी फार तापते.

लावणी संध्याकाळीं करावी. रोप मुळाच्या मातीसह उचलावें व धरावयाचें झाल्यास पानास धरावें. पान गेलें तर दुसरें येतें, देठ चिरडला तर रोपच जातें. दोन रोपांत हातभर अंतर असावें. पहिले दोन दिवस दुपारीं वर टोपली पालथी घालावी.

रोपें जीव धरून वाढूं लागलीं, कीं शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून फुलें अधिक येतात. घरांतील वडील मंडळींस हें निष्ठुरपणाचें वाटेल. त्यांचा डोळा चुकवून खुडावा. भाद्रपद लागल्यावर मात्र नखहि लावूं नये, नाहींतर फुलें दसरा उलटून येतील.