लाड कोणाचे, हौस कोणाची?

आपल्या भाषांनी कुत्र्याला फारसा मान दिलेला नाही. एखादा माणूस मोठ्या संकटात सापडला, तर मराठीत ‘त्याचे हाल कुत्रा खाईना’ असे म्हणतात. कोणाचा स्वभाव काही केल्या बदलत नसेल, तर ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ असे म्हणतात. उर्दूतही तीच तऱ्हा! धोब्याचा कुत्रा तर तुम्हांला ठाऊकच आहे. तो बिचारा ना घरचा, ना घाटाचा. पतरस बुखारी यांचा ‘कुत्ते’ हा विनोदी लेख तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. त्यात गल्लीतील कुत्री रात्री भुंकू लागतात आणि लेखकाला तो मुशायराच वाटतो.

परंतु ज्यांनी या म्हणी तयार केल्या, त्यांनी आजच्या मुंबई-पुण्यातील लाडका कुत्रा पाहिला नव्हता. पाहिला असता, तर ‘तुला कुत्र्याचे आयुष्य लाभो’ असा त्यांनी आशीर्वादच दिला असता!

या कुत्र्याचा दिवस कसा जातो, ते पाहू. सकाळी मालक त्याला फिरायला नेतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता पट्ट्याच्या पुढच्या टोकाला कुत्रा असतो आणि मागच्या टोकाला मालक धापा टाकत ओढला जात असतो. कोण कोणाला फिरवतो, ते तुम्हीच ठरवा. पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगावर रेनकोट असतो आणि छत्रीही त्याच्याच डोक्यावर असते. मालक मात्र भिजत चालतो. कुत्र्याचे नाव असते ‘टायगर’; पण भिंतीवर पाल दिसली, की हा वाघ पलंगाखाली दडतो.

भाषेची गंमत तर विचारू नका. घरातील माणसे आपसांत मराठी, गुजराती किंवा उर्दू बोलतात. कुत्र्याशी मात्र ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ असे इंग्रजीच बोलतात. म्हणजे त्या घरात इंग्रजी माध्यमाचा तो एकटाच! इतके शिकूनही ‘सिट’ म्हटले की तो उभा राहतो, हा भाग वेगळा. त्याचे केस कापायला वेगळे दुकान असते. त्याच्या वाढदिवसाला केक येतो. दुपारी तो सोफ्यावर आडवा झाला, की पाहुण्यांनी कडेला अंग चोरून बसायचे.

हे सारे पाहून हसू येते. यावर कोणी म्हणेल, “आमच्या पैशाने आम्ही लाड करतो, तुमचे काय जाते?” हे म्हणणे मला मान्य आहे. दुसऱ्याच्या खर्चाचा हिशेब मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. माझी शंका निराळी आहे. हे लाड कुत्र्याला हवे असतात का? की कुत्र्याच्या नावाने माणूस आपलीच हौस भागवून घेतो?

आधी कुत्र्याचे शरीर समजून घेऊ. आपल्या सर्वांगाला घाम येतो आणि त्यामुळे शरीर थंड राहते. कुत्र्याला तसा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंगातील उष्णता कमी करतो. आता हस्की जातीचा कुत्रा पाहा. तो मूळचा सायबेरियातील. बर्फावरून गाडी ओढण्यासाठी त्याला दाट केसांचा दुहेरी थर मिळाला आहे. असा कुत्रा लोक हौसेने मुंबईत आणतात. मे महिन्यात वीज गेली, की त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा. चपट्या नाकाच्या पग जातीचेही तसेच आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत हा छोटा कुत्रा झळकला आणि घरोघरी त्याला मागणी आली. पण आखूड नाकामुळे या कुत्र्यांना श्वास घेणे जड जाते. झोपेत तो घोरतो, तेव्हा घरचे लोक कौतुकाने हसतात. त्या घोरण्यामागे बहुधा श्वासाचा त्रास असतो.

खाण्याचेही असेच. प्रेमाने दिलेले चॉकलेट कुत्र्याला विषासारखे बाधते. कारण त्यातील थिओब्रोमाइन हा पदार्थ त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूणही त्याला अपायकारक आहेत. म्हणजे आपल्या ताटातील घास प्रत्येक वेळी प्रेमाचा घास ठरतोच असे नाही.

मग कुत्र्याला हवे तरी काय? त्याला हवे असते भरपूर धावणे, योग्य अन्न, स्वच्छ पाणी, सोबत आणि मनसोक्त हुंगणे. कुत्र्याचे नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असते. रस्त्यातील खांब हुंगताना तो जणू त्या गल्लीचे वर्तमानपत्र वाचत असतो. इकडून कोण गेले, केव्हा गेले, हे त्याला वासावरून कळते. मालक मात्र घाईत असतो. तो पट्टा ओढतो आणि पहिले पान वाचून होण्याआधीच वर्तमानपत्र हिसकावून घेतो! आपल्या माळरानावर धनगरांची कुत्री पाहा. त्यांना रेनकोट नाही, केक नाही. ती भाकरी खातात आणि लांडग्यांपासून मेंढ्यांची राखण करतात. त्यांचे जीवन कष्टाचे आहे. पण निदान ते कुत्र्याचे जीवन आहे.

या लाडांची खरी परीक्षा पुढे होते. पिल्लू मोठे होते, आजारी पडते, किंवा घरातील माणसांची बदली होते. हौस संपते आणि कालचा लाडका टायगर एखाद्या दूरच्या रस्त्यावर सोडून दिला जातो. सोफ्यावर वाढलेल्या त्या जिवाला अन्न शोधता येत नाही आणि गल्लीतील कुत्री त्याला जवळ करीत नाहीत. प्राण्याला उपासमार होईल अशा रीतीने विनाकारण सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. मात्र त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला तो १० ते ५० रुपये! ज्याच्या वाढदिवसाचा केकही एवढ्यात येत नाही, त्याला टाकून देण्याची ही किंमत. असा दंड कठोर असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हौसेच्या भरात काही मालक रेबीजची लस टोचून घेण्याचेही विसरतात. त्याचा धोका कुत्र्यापुरता राहत नाही. तो शेजाऱ्यांच्या मुलांनाही असतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कोणताही कुत्रा चावला, मग तो पाळीव का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. घरी सांगायला मुळीच घाबरू नये.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कुत्रा ठेवीत नाहीत. तरीही तहानलेल्या कुत्र्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. एक वाटसरू विहिरीत उतरला, चामडी मोज्यात पाणी भरून तो मोजा तोंडात धरून वर आला आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला त्याने पाणी पाजले. त्याने कुत्र्याला घरी नेले नाही, त्याचे नाव ठेवले नाही, त्याला सजवलेही नाही. त्या जिवाला त्या वेळी जे हवे होते, तेवढेच त्याने दिले.

मुलांनो, उद्या तुमचा एखादा मित्र म्हणाला, “आम्ही कुत्रा आणणार आहोत,” तर त्याची थट्टा करू नका. त्याला एवढेच विचारा : हा कुत्रा दहा-बारा वर्षे जगेल, तोवर त्याला रोज फिरवणार कोण? त्याला लस टोचून आणणार कोण? आणि तो म्हातारा झाल्यावर त्याच्याजवळ बसणार कोण? या तिन्ही प्रश्नांना घरातून ‘मी’ असे उत्तर मिळाले, तर कुत्रा खुशाल आणावा. मग वाढदिवसाला केक आणला नाही, तरी कुत्र्याची काही तक्रार असणार नाही.