तीन सेंटिमीटर

कुडव्यात राहणाऱ्या माणसाला विमानाचं फारसं अप्रूप उरत नाही. जवळच बिरसीची धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे, त्यामुळे शिकाऊ विमानांची घरघर कानाला सवयीची. हे बघत वाढलेल्या दोन-चार पोरांना रिमोटच्या विमानाचं वेड लागलं नसतं तरच नवल.

ही पोरं (आणि पोरांपेक्षा मोठी झालेली माझ्यासारखी मंडळी) विमान कसं बांधतात ते बघण्यासारखं असतं. मोटर कोणती, यावर आठ दिवस चर्चा. पंखांवर पट्टे ओढण्यात दोन रात्री. आणि रिसीव्हर? तो उरलेल्या जागेत कोंबायचा. त्याची अँटेना म्हणजे उंदराच्या शेपटीसारखी वायर, ती लोंबते, बरी दिसत नाही, म्हणून गुंडाळून बॅटरीच्या मागे टेपने चिकटवायची. मग विमान लांब गेलं की दगा देतं. दोष जातो रिसीव्हरला, आणि त्याहून महागाचा मागवला जातो. माझं स्पष्ट मत असं की रेंज विकत मिळत नाही, ती बसवावी लागते.

पूर्वी हे कळणं सोपं होतं. ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचे सेट होते तेव्हा रिसीव्हरमधून जवळजवळ मीटरभर तार निघायची आणि ती थेट शेपटीपर्यंत ताणून बांधावी लागायची. ती कापायची नाही आणि गुंडाळायची नाही, हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. आता २.४ गिगाहर्ट्झ आलं. लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिचा चौथा हिस्सा म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. वायर हातभर दिसली तरी काम करतो तो टोकाचा तेवढाच उघडा भाग. बाकीची वायर केबल टीव्हीच्या वायरीसारखी, जाळीच्या आवरणातली, नुसती वाहून नेणारी. ती वळवली तरी चालते. नेमकं ते टोकच लोक दुमडतात, आणि "जास्तीचं" म्हणून कात्रीही लावतात!

दूरदर्शनचा जमाना आठवतो? एकजण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा खालून ओरडतोय, "आलं, आलं... गेलं!" दिशेला किंमत असते हे आपल्या पिढीला कोणी वेगळं शिकवायची गरज नाही. फरक एवढाच की गच्चीवरची अँटेना एकदा लागली की लागली. विमान मात्र सारखं कूस बदलतं.

आता मेदूवडा डोळ्यांसमोर आणा. भोकातून अँटेनाची काडी उभी खोचली आहे. सिग्नल घेण्याची ताकद म्हणजे तो वडा, काडीच्या चहूबाजूंनी भरपूर आणि काडीच्या टोकाच्या दिशेला भोक. टोक तुमच्याकडे वळलं की विमान जवळपास बहिरं होतं. म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात आणि त्या एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या असतात. एकीचं भोक तुमच्याकडे आलं तर दुसरी ऐकते. दोन्ही शेजारी शेजारी समांतर चिकटवल्या तर दुसरीचे पैसे निम्मे वाया. हातातल्या ट्रान्समीटरलाही हेच लागू. त्याचं टोक विमानाकडे रोखून काही लोक उभे असतात, जणू बंदूकच धरली आहे.

थर्माकोल आणि बाल्साचं लाकूड यांतून रेडिओलहरी सहज जातात. कार्बन फायबर मात्र वीजवाहक, अँटेना झाकून टाकतं. बॅटरी, मोटर, तिच्या जाड वायरी यांच्यापासूनही टोक दूर हवं. कोल्ड्रिंकच्या दोन स्ट्रॉ काटकोनात चिकटवा आणि टोकं त्यांत सरळ ओवा. खर्च शून्य.

एकदा बांधीच्या धुऱ्यावरून बघणाऱ्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं, "भाऊ, हे आयकलंच नाही त जाते कुठं?" याहून नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. किलोभराचं विमान ताशी पन्नास-साठच्या वेगाने जातं आणि खाली धान कापणाऱ्या बाया वाकलेल्या असतात. कापणी उरकून बांध्या रिकाम्या झाल्याशिवाय उडवूच नये, हे आलंच. सारस दिसले तर त्या दिवशी विमान पेटीतच राहू द्यावं. जिल्ह्यात ते मोजकेच उरलेत. शिवाय बिरसीला २०२२ मध्ये प्रवासी विमानंही उतरली. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात, ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात आणि विमानतळाभोवतीचं आकाश लाल-पिवळ्या पट्ट्यांत विभागलेलं आहे. सरकारी नकाशात आपली जागा कुठल्या रंगात येते ते आधी बघावं लागतं.

त्या शेतकऱ्याला द्यायचं उत्तर जमिनीवरच तयार करावं लागतं. ट्रान्समीटर कमी ताकदीच्या रेंज चाचणीवर ठेवायचा, तीस पावलं मागे जायचं आणि मित्राला विमान हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवायला सांगायचं. पंखा काढून मोटर चालू ठेवूनही एकदा. एखाद्या कोनात सर्व्हो अडखळला, तर तो कोन हवेतही येणारच. मग ट्रान्समीटर बंद करून बघायचं, मोटर आपोआप थांबते का? हे सगळं दहा मिनिटांत होतं.

भाचा हल्ली विचारतो, "मामा, कोणता रिसीव्हर घेऊ?" मी म्हणतो, आधी विमानाचं धड उघडं घेऊन ये. अँटेनाची जागा ठरवू, मग बॅटरीची, मग बाकीच्यांची. रंगाचे डबे तूर्त माझ्याच कपाटात आहेत.