शेवटचं पान आधी लिहा

मालिकेतला खुनी कोण, या प्रश्नावर आमच्या वडवणीत जितकी मन लावून चर्चा होते, तितकी फार थोड्या गोष्टींवर होत असेल. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी कुलूप लागणारी कितीतरी घरं. अशा गावात रात्री संपलेल्या भागाचा सकाळी पाण्यावर, कापसाच्या पातीत आणि काळीपिवळीत बसल्या-बसल्या पंचनामा होतो. कोण खोटं बोलतंय, कोणाला सगळं माहीत आहे, कोणाचा खरा बाप कोण, यावर बाया वाद घालतात, पुरावे देतात, मागच्या महिन्यातला प्रसंग आठवून एकमेकींना गप्प करतात. शिकलेली माणसं या गप्पांना रिकामटेकडेपणा म्हणतात. मला मात्र वाटतं, आपल्याकडे होणारी ही सगळ्यात सकस समीक्षा आहे, आणि मालिका लिहिणाऱ्यांनी ती कान देऊन ऐकली पाहिजे.

झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. सिंधुदुर्गातलं नाईकांचं घर, घरातला कर्ता पुरुष अण्णा नाईक मरतो, मुलं-सुना-लेक गोळा होतात आणि एकेकाच्या पोटातलं बाहेर पडायला लागतं. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या ज्या वाड्यात चित्रीकरण झालं, तो बघायला पुढे लांबून माणसं जायला लागली. मालवणी बोली, माडाची बाग, समुद्राकडचं सगळं वातावरण. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तोच हा उन्हाळा. गावात टँकरची वाट बघणाऱ्या बायांना कोकणातल्या त्या हिरव्या घराशी काय देणंघेणं, असं कोणालाही वाटेल. पण घर हिरवं असो की करपलेलं, त्याच्या आत वाटणीचाच प्रश्न असतो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात समजलं होतं.

म्हणून त्यांच्या तपासाची सुरुवात भुतापासून झाली नाही. ती जमिनीपासून झाली. मुंबईला राहणारा माधव आणि त्याची बायको निलिमा, गावात राहून राबलेला दत्ता आणि त्याची बायको सरिता, धाकटा अभिराम, माहेरी असलेली छाया. या सगळ्यांकडे आमच्या बायांनी सातबारा हातात घेऊन बघितलं. जो घरी राहिला त्याचा जीव जमिनीत अडकलेला असतो, आणि जो बाहेर गेला त्याला वाट्याची घाई असते. हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. भाऊकीत बांध कोरण्यावरून झालेली भांडणं ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्या दत्ताच्या एका नजरेचाही अर्थ लावतात.

पांडूचं तर विचारूच नका. नाईकांच्या घरातला हा गडी. त्याचं ‘इसरलंय’ महाराष्ट्रभर लहान लेकरांच्या तोंडी बसलं. पांडू साकारणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे संवादलेखकही होते. शहरात पांडू हा विनोदी पात्र म्हणून गाजला. आमच्याकडे एक म्हातारी ठामपणे सांगायची, “त्याला काही इसरलेलं नाही. त्याला समदं ठावं हाय, म्हणून तर तो इसरतो.” हा तर्क मला आजही विलक्षण वाटतो. तिचं आयुष्य सालगड्याच्या घरात गेलं होतं. मालकाच्या घरातलं भांडण, चोरून केलेला व्यवहार, रात्री कोण आलं नि कोण गेलं, हे सालगड्याला सगळ्यांच्या आधी कळतं. कळलेलं दाखवायचं नाही, विचारलं तर आठवत नाही म्हणायचं, यावर त्याचं साल टिकतं. पांडूच्या विसरण्यामागे तिला एक आयुष्यभराची सवय दिसली. मालिकेच्या लेखकाच्या मनात ती होती की नव्हती, यानं तिच्या तर्काची किंमत कमी होत नाही.

सुषमाच्या जन्माचं कोडंही असंच. ही पोर नाईकांच्या घरात नेमकी कोण, हे मालिकेनं बराच काळ झाकून ठेवलं. ती अण्णा आणि त्याची प्रेयसी शेवंता यांची मुलगी, हे उघड व्हायच्या कितीतरी आधी आमच्या गल्लीत त्यावर शिक्कामोर्तब झालं होतं. अण्णाची बायको माई तिच्याशी कशी बोलते, यावरून बायांनी ते ओळखलं. घरातल्या बाईचा राग कोणावर निघतो आणि कोणावर निघता निघता थांबतो, हे वाचायला पोथी लागत नाही.

त्या काळात मालिकेवर कोकणातून आक्षेपही आले. आमचा प्रदेश भुताखेतांचा असल्याचं चित्र का उभं करता, अंधश्रद्धा का पसरवता, असे प्रश्न तिथल्या लोकांनी विचारले. ते प्रश्न रास्त होते. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात ते विचारले जायलाच हवेत. पण मी इथे जे ऐकलं, त्याची नोंदही व्हायला हवी. रहस्याचा तर्क करायला बसलेली बाई भुताला फार काळ थारा देत नाही. “हे माणसाचंच काम हाय” असं म्हणून ती हेतू शोधते, फायदा कोणाचा ते बघते, कोण कुठे होतं याचा हिशेब घालते. करणी झाली म्हटलं की विचार थांबतो. कोणी केलं आणि का केलं असं विचारलं की तो सुरू होतो. दडवलेल्या गोष्टीचा असा माग काढण्याचा सराव गावाला होत असेल, तर मी त्याचं स्वागतच करीन.

पहिलं पर्व २०१६ च्या ऑक्टोबरात संपलं. त्याच्या महिनाभर आधी, ५ सप्टेंबरला जिओ बाजारात आलं. या दोन गोष्टींचा संबंध कळायला दुसरं पर्व यावं लागलं. ते आलं १४ जानेवारी २०१९ रोजी, ऐन संक्रांतीच्या तोंडावर. त्या वेळी आमच्याकडचे मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या उसाच्या फडात होते. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि रात्री कोपीत पाठ टेकली की मोबाइलवर अण्णा नाईक. पहिल्या पर्वाला अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे बसायची. दुसऱ्याला एका टोळीतल्या चार कोप्या एका मोबाइलभोवती. गावाकडे आजीजवळ राहिलेली लेकरं फोनवर आईला विचारत, “आजचा भाग बघितला का?” मग पुढचा तर्क कोल्हापूरकडच्या फडातून वडवणीला यायचा.

या दुसऱ्या पर्वाची रचना मला मराठी मालिकांमधली एक धीट गोष्ट वाटते. कथा मागे गेली. आधी फोटोत असलेला अण्णा नाईक जिवंत होऊन समोर आला. माधव अभ्यंकरांनी तो उभा केला आणि अपूर्वा नेमळेकरनं शेवंता. अण्णा मरणार, हे प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणजे रहस्यकथेचा सगळ्यात मोठा पत्ता लेखकांनी आधीच उघडा केला होता. तरी लोक रोज बघत राहिले, कारण प्रश्न बदलला होता. हा माणूस असा कसा झाला? शेवंता त्याच्या जाळ्यात सापडली की तीही त्या जाळ्याचे धागे ओढत होती? तिच्यावरून आमच्याकडे दोन तट पडले. एक म्हणायचा, दुसरीचा संसार मोडणारी ती. दुसरा म्हणायचा, ज्या बाईला कुठेच घर मिळालं नाही तिला नावं ठेवणारे आपण कोण? खुनी शोधायच्या नादानं सुरू झालेलं बोलणं इतकं लांब गेलं. चांगलं रहस्य माणसाला उत्तराच्या पुढे नेतं, ते असं.

मग ३१ ऑगस्ट २०२० ला ‘देवमाणूस’ आली. २०१६ च्या ऑगस्टात सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळच्या धोम इथल्या एका तोतया डॉक्टरला पोलिसांनी पकडलं आणि सहा खुनांचा आरोप त्याच्यावर ठेवला. त्या प्रकरणाचा आधार या कथेला होता. किरण गायकवाडनं साकारलेला डॉक्टर अजितकुमार देव खुनी आहे, हे इथेही लपवलेलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की गाव त्याला ओळखणार कधी?

शहरात अनेकांना हे पटत नव्हतं. एवढी माणसं नाहीशी होतात आणि कोणाला संशय येत नाही, हे कसं शक्य आहे, असं ते विचारत. बीड जिल्ह्यात हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्याच्या आधल्याच वर्षी, २०१९ मध्ये, राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली होती आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं. त्यात अगदी तरुण बायकाही होत्या. डॉक्टरनं भीती घातली आणि आम्ही ऐकलं, असं कितीतरी जणींनी सांगितलं. खाडा झाला तर दंड, मुकादमाची उचल फेडायची, दुखणं घेऊन वारंवार दवाखान्यात जायला ना पैसा ना वेळ. अशा वेळी पांढऱ्या कोटातल्या माणसाला दुसरा प्रश्न विचारायची ताकद कुठून आणायची? ‘देवमाणूस’ बघताना आमच्याकडच्या बाया डॉक्टरपेक्षा त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या बाईकडे बघत होत्या. ती फसणार हे त्यांना दिसत होतं, आणि का फसणार तेही.

म्हणूनच प्रेक्षकांचे तर्क मला इतके मोलाचे वाटतात. ते पडद्यावरून सुरू होतात, पण त्यांचं मूळ प्रेक्षकाच्या जगण्यात असतं. वाटणी भोगलेली बाई वाटणीचा माग काढते, गड्याची लेक गड्याचं मौन वाचते, फसवली गेलेली बाई फसवणूक लांबून ओळखते. मालिकेच्या लेखकाला हे जमलेलं धन फुकट मिळतं. बदल्यात त्यानं एकच गोष्ट द्यायची असते: न्यायाचा खेळ. खुणा खऱ्या ठेवायच्या, दिलेल्या खुणेशी पुढे इमान राखायचं, आणि उत्तर असं द्यायचं की मागे वळून पाहिलं तर ते पहिल्यापासून तिथेच होतं असं वाटावं.

अडचण इथेच येते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा वाचक झुंजार या त्यांच्या नायकाची करामत वाचताना अधीर झाला तर शेवटचं पान उलटून बघू शकायचा. आजच्या प्रेक्षकाला ती सोय नाही, कारण मालिकेचं शेवटचं पान बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येणार, आणि त्या आकड्यांवर पुढचं वळण ठरणार. एखादं पात्र लोकांना आवडलं की त्याचा गुन्हा पुसला जातो. एखादं कथानक रेंगाळलं की नवीन खून पडतो. मागे दाखवलेली चिठ्ठी, अर्धवट तुटलेलं मंगळसूत्र, दारामागची सावली यांचा पुढे कोणी हिशेब देत नाही. कलाकार सोडून जातात, चेहरा बदलतो. ‘असंभव’मध्ये शुभ्राची भूमिका मानसी साळवीकडून ऊर्मिला कानेटकरकडे गेली, ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या पर्वात शेवंताची भूमिका कृतिका तुळसकरकडे आली. हे प्रेक्षक समजून घेतो. माणसं बदलतात, त्याला इलाज नसतो. बदललेला हेतू मात्र तो विसरत नाही.

हा पेच फक्त आपला नाही. अमेरिकेत १९८० साली ‘डॅलस’ मालिकेत जे. आर. वर गोळी झाडली गेली आणि कोणी झाडली याचं उत्तर आठ महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला मिळालं. तो भाग तिथल्या ८ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. १९९० मध्ये ‘ट्विन पीक्स’च्या निर्मात्यांना लॉरा पामरचा खुनी इतक्यात उघड करायचा नव्हता. वाहिनीच्या दबावाखाली तो करावा लागला, आणि त्यानंतर प्रेक्षक ओसरले. उत्तर केव्हा द्यायचं, हे उत्तर काय आहे याइतकंच महत्त्वाचं असतं, आणि तो निर्णय कथेचाच असायला हवा.

मराठीत हे करता येतं, याचे दाखले आहेत. चिन्मय मांडलेकरांनी लिहिलेली आणि सतीश राजवाडेंनी दिग्दर्शित केलेली ‘असंभव’ २००७ ते २००९ अशी चालली आणि पूर्वजन्माचा गुंता सोडवून थांबली. तिच्या पाठोपाठ आलेल्या ‘अग्निहोत्र’नं नाशिकच्या वाड्यातल्या गणपतींच्या मूर्तींभोवती एका कुटुंबाच्या तीन पिढ्या बांधल्या. लोक आजही या दोन मालिकांची नावं घेतात, कारण तिथे आपण केलेला विचार वाया गेला नाही असं त्यांना वाटतं.

वाहिन्यांना आणि लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे. रहस्यमालिका सुरू करण्याआधी तिचं शेवटचं पान लिहून कुलपात ठेवा. भाग वाढवायचे असतील तर वाढवा, पण त्या पानाला हात लावू नका. तुमचा प्रेक्षक दिवसभर ऊस तोडून, कापूस वेचून, झोप बाजूला सारून तुमच्या कोड्यावर डोकं चालवतो. तो मूर्ख आहे असं समजून लिहिलेली प्रत्येक मालिका त्याच्या लक्षात येते.

आणि वाचक बायांनो, तुम्ही तर्क करणं सोडू नका. अण्णा नाईकवर घेतला तसा संशय जमिनीच्या कागदावर घ्या, मुकादमाच्या हिशेबावर घ्या, दवाखान्यात पुढे सरकवलेल्या सहीच्या कागदावरही घ्या. हे कोणी केलं, का केलं आणि यात फायदा कोणाचा, हे तीन प्रश्न तिथेही तितकेच कामाला येतात.