सफारी आणि तिचे बुणगे

पहिल्या दिवशी पानिपतला काला अंब या युद्धस्मारकाचं दर्शन, दुसऱ्या दिवशी गुरुग्रामला सिंह, असा दोन दिवसांचा बेत दिल्लीतल्या एका मराठी गृहस्थांनी आपल्या लेखात आखून दिला आहे. सिंह अजून यायचे आहेत, ही किरकोळ अडचण. हरियाणा सरकारने २०२२ मध्ये गुरुग्राम आणि नूंह जिल्ह्यांतल्या अरवलीत दहा हजार एकरांची जंगल सफारी जाहीर केली. निवृत्त वनाधिकारी न्यायालयात गेले, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या आदेशापर्यंत काम थांबवलं, आणि गृहस्थांचा पारा चढला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तिथे जंगल आहेच कुठे, नुसती काटेरी झुडपं. कुंपण घातलं तर भूमाफिया बाहेर राहतील. गावकऱ्यांना रोजगार मिळेल. मुलांनी प्राणी पाहिले तरच त्यांना प्राण्यांबद्दल माया वाटेल. आणि विरोध करणारे सगळे वातानुकूलित खोल्यांत बसून बोलतात. (स्वतः कुठे बसून लिहिलं, ते त्यांनी सांगितलेलं नाही.)

कुंपणाने बिबट्या अडतो, भूमाफिया नाही. रोजगार म्हणजे बहुधा आपल्याच रानाच्या फाटकावर तिकिटं फाडणं. आणि माया? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांना मायेनेच घेरलं होतं. नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

पण ‘तिथे आहेच काय?’ हा प्रश्न असा सोडता येत नाही. प्रत्येक डोंगर फोडण्याआधी तो विचारला जातो. तिथे बिबट्या आहे, तरस आहे, कोल्हे, साळिंदर, नीलगाय आहेत. तिथे धौ आहे, आपल्या धावड्याच्या जातकुळीतलं झाड. मूठभर माती असलेल्या खडकाच्या फटीत ते मूळ धरतं. शेळ्यांनी सारखं ओरबाडलं की जमिनीसरशी पसरतं आणि वर्षानुवर्षं झुडूप होऊन राहतं. त्याला मोकळं सोडलं की उभं राहतं. याच डोंगररांगेत फरिदाबादकडे मांगर बनी आहे. गुदडिया बाबा या साधूच्या भीतीने गावकऱ्यांनी तिथे कुऱ्हाड लावली नाही, म्हणून तिथल्या धौचं रान झालं. गृहस्थांनी झुडूप पाहिलं आणि निकाल दिला. वेडी बाभूळ माजली आहे, हे खरं. पण ती माणसांनीच आणून लावली, त्याची शिक्षा धौला कशाला? शिवाय या डोंगराच्या भेगाळलेल्या खडकांतून पावसाचं पाणी खाली झिरपतं, तेच गुरुग्रामच्या बोअरवेलमधून वर येतं. त्या जिल्ह्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. आणि सफारीच्या जाहीर आराखड्यात काय होतं? मोठ्या मार्जारांचे चार विभाग, परदेशी पक्षी आणि ‘अंडरवॉटर वर्ल्ड’! तहानलेल्या जिल्ह्यात पाण्याखालचं जग दाखवायची कल्पना ज्यांना सुचली, त्यांना विनोदी वाङ्मयाचा पुरस्कार द्यायला हरकत नाही. नमुना म्हणून सरकारची मंडळी शारजाची सफारी पाहून आली. ती वाळवंटात, सुमारे दोन हजार एकरांत आहे. इथे पाचपट, तीही डोंगरात.

गंमत म्हणजे ग्रेट निकोबारमध्ये तुटणाऱ्या जंगलाची भरपाई हरियाणात झाडं लावून करायचं ठरलं आहे, आणि त्यासाठी अरवलीचीच जमीन दाखवली गेली. म्हणजे हिशेब भरायचा असला की इथे जंगल उगवतं, तिकीट लावायचं असलं की ही झुडपं ठरतात. वनसंरक्षण कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने सरकारी प्राणिसंग्रहालय आणि सफारीला ‘वनेतर वापरा’तून वगळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या मंजुरीशिवाय ती उभारायला मनाई केली नसती, तर कागदोपत्री सिंहाचा पिंजरा म्हणजेही जंगल झालं असतं.

आता गृहस्थांच्या बेतातल्या पहिल्या दिवसाकडे वळू. पानिपतावर मराठी फौजेबरोबर हजारो बुणगे आणि यात्रेकरू होते. ते कोणी नेले, दोष कोणाचा, यावर आपण २६५ वर्षं भांडतो आहोत. दर संक्रांतीला काला अंबच्या आवारात तो वाद नव्याने पेटतो आणि तिळगुळाच्या वड्या संपेपर्यंत शमत नाही. दोष कोणाचाही असो, लटांबर फौजेचा वेग खातं, एवढं तरी मान्य व्हावं. सफारीमागेही तेच येतं: पार्किंग, हॉटेलं, रिसॉर्ट, लग्नाचे हॉल, आणि त्यांच्यासाठी रुंद रस्ता. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर गाडीखाली बिबटे मेले आहेत. आणखी रस्ते कोणासाठी?

मग करायचं काय? गुरुग्रामचा अरवली जैवविविधता उद्यानाचा भाग खाणींनी पोखरलेला होता. २०१० पासून नागरिकांनी तिथे देशी झाडं लावून रान परत आणलं, ना सिंह आणला, ना मत्स्यालय. तसंच नूंहच्या डोंगरांतही करावं. वेडी बाभूळ हळूहळू काढावी, धौ आणि सालई येऊ द्यावी, रस्त्यांखालून जनावरांसाठी भुयारी वाटा काढाव्यात, गावच्या पोरांना राखणदारीचा पगार द्यावा. ज्यांना फिरायचं त्यांनी पायी फिरावं.

हरियाणात जेमतेम साडेतीन टक्के वनाच्छादन उरलं आहे. तेवढं तरी विनातिकीट ठेवा. सफारीचा आराखडा फाडा आणि त्याच दहा हजार एकरांना अभयारण्याचा दर्जा द्या. खर्च कमी येईल, उद्घाटनाची फीत मात्र मिळणार नाही. खरी अडचण बहुधा तीच आहे.