स्वामी, पती आणि मालक

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते : 'विवाहितेचा संशयास्पद मृत्यू'. मयत स्त्रीचा नवरा गिरणी कामगार किंवा शेतमजूर असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्या अटकेची बातमी त्याच पानावर वाचायला मिळते. परंतु तोच नवरा कोणी महाराज, मौलवी किंवा पाद्री असेल तर बातमीची भाषाच बदलते. मृत्यू 'दुर्दैवी' होतो, 'भक्तगणांत शोककळा' पसरते आणि पंचनाम्याच्या आधीच अंत्यविधी उरकलेला असतो. स्त्रीच्या मृत्यूची चौकशी करावयाची की नाही, हे तिच्या नवऱ्याच्या प्रतिष्ठेवर ठरावे, ही आपल्या समाजातली नित्याची गोष्ट आहे. प्रस्तुत लेखात या गोष्टीचा विचार एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे करावयाचा आहे. या घटनेचा निवाडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत होऊन गेला असल्याने ऐकीव माहितीवर विसंबण्याचे कारण नाही.

बंगलोरची घटना

शाकिरा खलीली ही म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची नात. एका परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याशी तिचा विवाह झाला होता व तिला चार मुली होत्या. बंगलोर शहरात तिच्या मालकीची मोठी स्थावर मिळकत होती, आणि अशा मिळकतीबरोबर येणारे कज्जेही होते. रामपूरच्या माजी नवाब घराण्याशी असलेल्या परिचयातून १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिची मुरली मनोहर मिश्र या गृहस्थाशी ओळख झाली. हा मनुष्य स्वतःला स्वामी श्रद्धानंद म्हणवीत असे. मिळकतीच्या भानगडी निस्तरून देतो, या निमित्ताने तो बंगलोरला आला आणि राहिला. १९८५ साली शाकिराचा घटस्फोट झाला आणि १९८६ च्या एप्रिलमध्ये तिने या स्वामीशी लग्न केले. स्वामीच्या हाती मिळकतीचे मुखत्यारपत्र आले.

१९९१ च्या मे महिन्याच्या अखेरीस शाकिरा दिसेनाशी झाली. मुलीने आईची चौकशी केली तेव्हा स्वामीने निरनिराळी उत्तरे दिली. आई परदेशी इस्पितळात आहे, असेही एकदा सांगितले. मधल्या काळात तो त्याच घरात राहत होता आणि मुखत्यारपत्राच्या जोरावर मिळकतीचे व्यवहार करीत होता. अखेर मुलीने १९९२ च्या जूनमध्ये पोलिसांत तक्रार नोंदविली. तरीही जवळजवळ दोन वर्षे काही निष्पन्न झाले नाही. तपास मध्यवर्ती गुन्हे शाखेकडे गेला, आणि १९९४ च्या मार्चच्या अखेरीस रिचमंड रोडवरील तिच्याच राहत्या घराच्या आवारात जमीन खोदली गेली. लाकडी पेटीत पुरलेला सांगाडा मिळाला. न्यायवैद्यक तपासणीने तो शाकिराचाच असल्याचे सिद्ध झाले.

२००५ साली सत्र न्यायालयाने स्वामीला फाशी सुनावली व कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे दोषाबद्दल एकमत आणि शिक्षेबद्दल मतभेद झाला. २००८ च्या जुलैमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फाशी रद्द करून, कोणतीही सूट न देता उरलेले सर्व आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा दिली. अशा प्रकारची शिक्षा देण्याचा न्यायालयाचा अधिकार पुढे २०१५ मध्ये घटनापीठाने बहुमताने उचलून धरला. कायद्याच्या अभ्यासकांना हा खटला माहीत असतो तो या शिक्षेच्या प्रश्नामुळे. आपल्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा प्रश्न निकालाच्या आधीचा आहे. एक जिवंत, सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री शहराच्या मध्यवस्तीतून नाहीशी होते आणि जवळजवळ तीन वर्षे तिचा पत्ता लागत नाही, हे घडूच कसे शकते?

एका शब्दातील तीन सत्ता

मजकूर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणण्याचे काम करणाऱ्याला शब्दांकडे जरा संशयाने पाहण्याची सवय लागते. 'स्वामी' या शब्दाचा अर्थ संन्यासी. जुन्या भाषेत त्याचा अर्थ नवरा. आणि मूळ अर्थ धनी, मालक. 'पती' या शब्दाचेही तसेच. भूपती, गजपती आणि स्त्रीचा पती, हे तिन्ही एकाच कोठडीतून निघालेले शब्द आहेत. 'मालक' हा शब्द तर आपल्या खेड्यापाड्यांतील बायका आजही नवऱ्याला उद्देशून वापरतात. भाषेने हे चुकून केलेले नाही. जमिनीवरची मालकी, बायकोवरची मालकी आणि भक्ताच्या मनावरची मालकी या तिन्ही गोष्टी एकाच सरंजामी समाजरचनेत वाढल्या, म्हणून त्यांना एकच शब्द पुरला. खाजगी मालमत्ता आणि स्त्रीचे पारतंत्र्य यांचा संबंध एंगल्सने १८८४ मध्येच आपल्या कुटुंबसंस्थेवरील ग्रंथात दाखवून दिला आहे. आपल्याकडे त्याच्या दोन वर्षे आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पतिव्रताधर्माच्या ढोंगावर कोरडे ओढले होते.

बंगलोरच्या घटनेत या तिन्ही सत्ता एका माणसाच्या हाती एकवटल्या. तो स्वामी असल्यामुळे त्याच्यावर विश्वास टाकला गेला, तो नवरा असल्यामुळे बायको कोठे आहे हे सांगण्याचा अधिकार त्याचाच मानला गेला, आणि मुखत्यारपत्रामुळे मिळकत त्याच्या हाती आली. यांपैकी प्रत्येक सत्तेने दुसरीला आडोसा दिला. 'ती बाहेरगावी आहे' एवढे नवऱ्याचे वाक्य समाजाला पुरते. तेच वाक्य भगव्या नावाच्या माणसाने उच्चारले की ते अधिकच पुरते.

येथे कोणी म्हणेल, हा भोंदू स्वामी होता, खऱ्या साधुसंतांशी त्याचा काय संबंध? हा प्रश्न आम्हाला गैरलागू वाटतो. माणूस खरा साधू आहे की खोटा, हे ठरविण्याचे काम ना पोलिसांचे ना न्यायालयाचे. श्रद्धेचा प्रश्न वेगळा आणि फौजदारी चौकशीचा वेगळा. पहिल्याच्या जोरावर कोणालाही दुसऱ्यातून सुटका मिळता कामा नये, एवढीच मागणी आहे. ती सर्व धर्मांना सारखीच लागू आहे. केरळमध्ये कोट्टयमच्या एका कॉन्व्हेंटच्या विहिरीत १९९२ साली सिस्टर अभया या तरुण जोगिणीचे प्रेत सापडले. तेथे नवरा-बायकोचा प्रश्न नव्हता. परंतु स्थानिक पोलिसांनी व राज्याच्या गुन्हे शाखेने ती आत्महत्या ठरविली होती, आणि विशेष न्यायालयाने ती हत्या असल्याचा निर्णय देऊन एका धर्मगुरूला व एका जोगिणीला शिक्षा फर्मावण्यास २०२० साल उजाडले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या शिक्षेला स्थगिती देऊन दोघांना जामीन दिला. अपिलात काय होईल ते होवो; पण चौकशी नीट होण्यास अठ्ठावीस वर्षे लागतात ही गोष्ट अपिलाने पुसली जाणार नाही.

जातीय रंगाचा सापळा

मुसलमान स्त्री आणि हिंदू स्वामी, एवढे शब्द वाचून दोन्हीकडच्या जातीयवाद्यांचे डोळे चमकतील. एक गट म्हणेल, आपल्या मुलीने परधर्मीयाशी लग्न केले की असेच होते. दुसरा गट याच्या उलट उदाहरणे गोळा करून मोर्चे काढतो आणि 'लव्ह जिहाद'च्या नावाने कायदे करवून घेतो. उत्तर प्रदेशात २०२१ मध्ये असा कायदा झालाच आहे. दोघांचा निष्कर्ष एकच : स्त्रीने आपला जोडीदार स्वतः निवडता कामा नये. स्वधर्मीय, स्वजातीय, आईबापांनी पाहून दिलेल्या नवऱ्यांच्या घरी ज्या हजारो स्त्रिया मेल्या, त्यांच्याबद्दल हे दोन्ही गट तोंड उघडत नाहीत.

शाकिराने दुसरे लग्न केले हा तिचा अपराध नव्हता. तिने चुकीच्या माणसावर विश्वास टाकला हाही अपराध नव्हता. फसविले जाण्याबद्दल फसणाऱ्याला शिक्षा देण्याची रीत सरंजामी आहे. स्त्रीला जोडीदार निवडण्याचा जसा हक्क आहे तसाच तो सोडून सुखरूप बाहेर पडण्याचाही आहे. पहिला हक्क १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने मान्य केला. दुसरा कागदावर आहे, पण तो बजावताना स्त्री एकटी पडते, आणि खरा धोका तेथे असतो.

कायदे आहेत, पुढे काय?

१९७९ नंतरच्या काही वर्षांत देशभर स्त्रियांच्या संघटना हुंडाबळींच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरल्या. त्या लढ्याचे फळ म्हणून १९८३ साली नवऱ्याने व त्याच्या नातलगांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि १९८६ साली हुंडाबळीचे कलम आले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास प्रेताची वैद्यकीय तपासणी व दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी, ही तरतूदही त्याच काळातली. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांच्या जागी नव्या आल्या, कलमांचे क्रमांक बदलले, परंतु या तरतुदी टिकून आहेत. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने तर आर्थिक छळ, म्हणजे स्त्रीच्या पैशावर व मिळकतीवर कब्जा करणे, हाही हिंसाचारच मानला आहे. मुखत्यारपत्राच्या सहीने सुरू होणारी हिंसा कायद्याने अखेर ओळखली, ही मोठी गोष्ट आहे.

पुराव्याच्या बाबतीतही न्यायालयाने एक महत्त्वाची भूमिका घेतली आहे. महाराष्ट्रातील एका खेड्यात बायको सर्पदंशाने मेल्याचे सांगण्यात आले. शवविच्छेदनात गळा दाबल्याचे निघाले. २००६ मध्ये त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, घराच्या चार भिंतींआड गुन्हा घडला असता सगळा भार फिर्यादी पक्षावर टाकून घरातल्यांना गप्प बसता येणार नाही. काय घडले याचा खुलासा त्यांनी करावयास हवा. शेतकऱ्याच्या घराला लागू झालेला हा नियम मठाच्या आवारालाही लागू आहे, कारण त्यालाही चार भिंतीच असतात.

मात्र कायदा आपोआप चालत नाही. शवविच्छेदनासाठी प्रेत हाती लागावे लागते, आणि प्रेत हाती लागण्यासाठी कोणीतरी वेळेवर विचारावे लागते. बंगलोरच्या घटनेत ते विचारणारी एक मुलगी होती. तिच्यापाशी शिक्षण होते, साधने होती, आडनावाचे वजन होते, आणि तरीही तिला वर्षानुवर्षे झगडावे लागले. मग एखाद्या देवस्थानाच्या गावात पुजाऱ्याच्या घरात जाच सोसणाऱ्या सुनेसाठी कोण विचारणार? ज्या गावचा सरपंच, फौजदार आणि डॉक्टर हे तिघेही त्याच महाराजांच्या पाया पडतात, तेथे 'अकस्मात मृत्यू' या दोन शब्दांवर वही मिटते.

आपली जबाबदारी

आता आपल्याकडे वळले पाहिजे. भोंदूगिरीविरुद्ध बोलण्यात आपण मागे राहिलेलो नाही. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि २०१५ मध्ये कॉ. गोविंद पानसरे यांनी त्यासाठी प्राण दिले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, कर्नाटकातही २०१७ मध्ये तसा कायदा संमत झाला. परंतु बुवाबाजीविरुद्ध भाषण करणारा कॉम्रेड शेजारच्या घरातून येणारा मारहाणीचा आवाज ऐकून 'नवरा-बायकोची कुरबुर आहे' असे म्हणून कूस बदलतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्यातील काहींच्या स्वतःच्या घरातील वस्तुस्थिती याहून वेगळी नाही. बाहेर शोषणाविरुद्ध लढणारा माणूस घरी मालक होऊन बसत असेल, तर त्याच्या तोंडी स्त्रीमुक्तीची भाषा शोभत नाही आणि वस्तीतल्या बायकांना ती खरीही वाटत नाही. त्या अडचणीच्या वेळी आपल्या शाखेचे दार ठोठावतील की नाही, हे यावरच ठरते.

काही कॉम्रेड विचारतील, धर्मगुरूंच्या घरातील भानगडींत पडून आपण श्रद्धाळू श्रमिक जनतेला दुखावणार नाही काय? अनुभव याच्या उलट आहे. त्या घरातील स्त्रीच्या यातना सर्वांत आधी ठाऊक असतात त्या भांडी घासणाऱ्या मोलकरणीला, पाणी भरणाऱ्या बाईला, आवारात राबणाऱ्या मजुराला. त्यांची श्रद्धा असते आणि डोळेही असतात. त्यांना हवी असते ती साक्ष दिल्यानंतर पाठीशी उभी राहणारी संघटना.

यासाठी शाखांनी साध्या गोष्टी कराव्यात. जाचाची कुजबुज कानी येताच महिला कार्यकर्त्यांनी त्या स्त्रीशी स्वतः बोलावे; तिच्या नवऱ्याच्या तोंडून तिची खुशाली ऐकून परतू नये. तिच्या मिळकतीची, पासबुकांची, सहीच्या कागदांची माहिती तिच्याखेरीज आणखी एखाद्या विश्वासू माणसाला असेल असे पाहावे. कोणी स्त्री दिसेनाशी झाली तर ती हरवल्याची नोंद त्याच दिवशी करवून घ्यावी व तिची प्रत घ्यावी. मृत्यू घडलाच तर शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी होऊ नये असा लेखी आग्रह धरावा, आणि साक्षीदाराची रोजी बुडणार नाही याची जबाबदारी संघटनेने उचलावी. बेळगाव, बडोदे, इंदूर वा हैदराबाद, आपण जेथे कोठे काम करीत असू तेथे हे करता येण्यासारखे आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, नियमितपणा लागतो.

फाशी झाली असती तर न्याय झाला असता, असे काहींना वाटते. जन्मभराची कैद काय किंवा फाशी काय, दोन्ही बाई मेल्यानंतरच्या गोष्टी आहेत. आपले काम त्याच्या आधीचे आहे. १९९१ च्या त्या उन्हाळ्यात बंगलोरच्या त्या घराच्या दारात जाऊन 'बाई कोठे आहेत?' असा प्रश्न शेजारच्या चार माणसांनी ठामपणे विचारला असता, आणि उत्तराने समाधान होईपर्यंत विचारीत राहिले असते, तर तिचा जीव कदाचित वाचला नसता. पण तिला आपल्याच अंगणात तीन वर्षे बेवारस पडून राहावे लागले नसते. आणि पुढच्या एखाद्या घरी हाच प्रश्न वेळेत विचारला गेला, तर कोणाचा जीव वाचेलही.